कोड ४३: एक हार्ड डिस्क, एक डीएससी टोकन आणि मधला हब

तालुक्याच्या गावातलं कर सल्लागाराचं कार्यालय. एक असेंबल्ड डेस्कटॉप, विंडोज १०, ६४ बिट. टॅलीचा डेटा शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर. महिन्याची १८ तारीख, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, भरायला दोन दिवस. अशिलांमध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत आणि कंपनीचं विवरणपत्र डीएससीशिवाय, म्हणजे यूएसबी टोकनमध्ये ठेवलेल्या डिजिटल सहीशिवाय, जात नाही, ओटीपीवर भागत नाही. नेमकं त्याच वेळी टोकन 'आत्ता होतं, आत्ता नाही' असं करू लागलं.

तक्रारी दोन होत्या. डीएससी टोकन गेले पंधरा दिवस मध्येच गायब व्हायचं. काढून पुन्हा घातलं की चालायचं. आणि १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, जिच्यावर रोजचा बॅकअप जातो, ती कधी दिसायची, कधी नाही. दिसली नाही की आतून दोन-तीनदा 'कट् कट्' आवाज आणि पडद्याच्या कोपऱ्यात चौकट: 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'.

आदल्या दिवशी बरेच उपाय होऊन गेले होते. इंटरनेटवरून एक 'ड्रायव्हर अपडेटर' उतरवला गेला. मग डिव्हाइस मॅनेजरमधले सगळे यूएसबी कंट्रोलर एकेक करून अनइन्स्टॉल केले. निम्म्यावर कीबोर्ड आणि माउस दोन्ही मेले, कारण तेही यूएसबीवरच. शेवटी पॉवरचं बटण दाबून संगणक बंद करावा लागला. चालू केल्यावर विंडोजने सगळे कंट्रोलर आपणहून परत बसवले आणि तक्रार जिथल्या तिथे. तिसरा उपाय जास्त महागात पडला असता: टोकन एका लॅपटॉपला लावून पाहिलं, तिथेही चाललं नाही, म्हणून 'टोकनच गेलं' असं ठरवून नव्या टोकनची चौकशी सुरू झाली होती.

दोन कोड, दोन अर्थ

लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये टोकनसमोर पिवळा त्रिकोण होता आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड २८. डेस्कटॉपवर हार्ड डिस्कच्या जागी 'अननोन यूएसबी डिव्हाइस (डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड)' आणि कोड ४३. दोन्हीकडे त्रिकोण पिवळाच, म्हणून दोन्ही एकच समजले गेले. फरक समजायला यूएसबीत ओळखपाळख कशी होते ते पाहावं लागतं.

साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात: लाल ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची, आणि हिरवी-पांढरी डेटाची. उपकरण घातलं की ते आधी लाल-काळ्या तारेवर जागं होतं. मग दीड किलो-ओहमच्या रेझिस्टरने डेटाची एक तार वर खेचतं. हे त्याचं 'मी आलो' असं हात वर करणं. संगणक पोर्ट रीसेट करतो आणि नाव-गाव विचारतो. उत्तर म्हणून उपकरणाने १८ बाइटांचा डिव्हाइस डिस्क्रिप्टर द्यायचा असतो: उत्पादकाचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक, प्रकार वगैरे. या बोलण्यातच त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. हे सगळं झाल्यावर विंडोज त्या क्रमांकांवरून ड्रायव्हर शोधायला लागतं.

कोड २८ म्हणजे नाव-गाव कळलं, पण ड्रायव्हर बसवलेला नाही. लॅपटॉपवर त्या टोकनचं सॉफ्टवेअर कधी टाकलेलंच नव्हतं. टोकन घातलं की एक छोटी सीडी ड्राइव्ह दिसत होती, त्यात इन्स्टॉलर होता. तो चालवल्यावर लॅपटॉपवर टोकन दोन मिनिटांत चाललं. नव्या टोकनची चौकशी तिथेच थांबली. इथे ड्रायव्हर हाच इलाज होता.

कोड ४३ आणि सोबत 'डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' हे मात्र वेगळं. हात वर झालेला दिसला, पण नाव विचारल्यावर उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं. प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स टॅबवर 'हार्डवेअर आयडीज' निवडलं की व्हीआयडी (उत्पादकाचा क्रमांक) ०००० आणि पीआयडी (उपकरणाचा क्रमांक) ०००२ दिसतं. हे क्रमांक कुठल्याच कंपनीचे नाहीत. नाव न कळल्यामुळे विंडोजने स्वतःच घातलेले आहेत. ज्याचं नावच कळलं नाही त्याला ड्रायव्हर कुठला देणार? ड्रायव्हर अपडेटरने इथे काही बिघडवलं नाही हेच नशीब. अशा वेळी पोर्ट, तारा, वीज आणि उपकरण यांच्याकडे पाहायचं, ड्रायव्हरकडे नंतर.

विंडोजला बाजूला काढणं

दोष यंत्राचा की विंडोजचा, हे ठरवायची सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह: इन्स्टॉल न करता थेट त्यावरून चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. मागच्या पोर्टला लावून संगणक त्यावर सुरू केला, 'ट्राय' निवडलं, काहीही इन्स्टॉल केलं नाही. टर्मिनलमध्ये डीमेसेजच्या, म्हणजे लिनक्सच्या अंतर्गत लॉगच्या, नोंदी उघड्या ठेवून हार्ड डिस्क तिच्या नेहमीच्या जागी, हबवर (एका यूएसबी पोर्टची चार करणाऱ्या डबीवर), लावली. ओळी आल्या: 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१', दोनदा, आणि मग 'डिव्हाइस नॉट अॅक्सेप्टिंग अॅड्रेस'. ७१ म्हणजे बोलण्याच्या नियमातच गोंधळ. तीच डिस्क, तीच केबल कॅबिनेटच्या मागच्या निळ्या पोर्टला थेट लावल्यावर पहिल्या फटक्यात माउंट झाली. पंधरा मिनिटांत विंडोज आणि त्याचे सगळे ड्रायव्हर संशयाच्या यादीतून गेले. फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकायचा बेत ठरला होता, तो टळला.

हबवर काय काय लटकलं होतं

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला चार तोंडांचा छोटा हब, अॅडॅप्टर नसलेला. त्यावर कीबोर्ड, बिनतारी माउसचा डोंगल, टोकन आणि हार्ड डिस्क. टेबलाखाली वाकावं लागू नये म्हणून केलेली सोय.

हिशेब असा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देण्यास बांधलेलं आहे, ३.० चं ९००. अॅडॅप्टर नसलेला हब त्या ५०० मधले १०० स्वतःसाठी धरतो आणि उरलेल्या चार तोंडांना नियमाने प्रत्येकी १०० उरतात. अडीच इंची पोर्टेबल डिस्क चालू असताना थोडक्यात भागवते, पण तबकडी फिरायला सुरू होण्याच्या क्षणी तिला ९०० किंवा त्याहून जास्त लागतात. हबचा हा १०० चा नियम स्वस्त हब पाळत नाहीत, येईल तेवढी वीज पुढे ढकलतात. म्हणूनच डिस्क कधीकधी चालायचीही. नियम पाळला असता तर ती कधीच चालली नसती आणि दोष पहिल्याच दिवशी कळला असता.

दुसरी गळती तारांची. हबची केबल १ मीटर. पुढच्या पोर्टपासून मदरबोर्डच्या नऊ पिनांच्या हेडरपर्यंत कॅबिनेटच्या आतून आणखी अर्धा मीटर. दोन्ही तारा बारीक, २८ गेजच्या. या गेजची तांब्याची तार मीटरला साधारण ०.२१ ओहम रोध करते. वीज जायची एक आणि यायची एक धरली तर दीड मीटरचे ०.६४ ओहम झाले. १ अँपिअर ओढला की ०.६४ व्होल्ट तारेतच जिरतो. २४ गेजची तार असती तर पाव व्होल्टच गेला असता.

यूएसबी मीटर हब आणि डिस्क यांच्या मध्ये लावून आकडे घेतले. डिस्क नसताना हबच्या तोंडावर ४.९६ व्होल्ट. डिस्क घातली, तबकडी फिरू लागली आणि मीटरवर ०.८६ अँपिअर आणि ४.३४ व्होल्ट दिसले. मग 'कट्', प्रवाह एकदम खाली, व्होल्टेज वर, आणि पुन्हा तेच. असल्या हबमागे उपकरणाला ४.४० पर्यंत मिळालं तरी चाललं पाहिजे असं मानक सांगतं. इथे त्याच्याही खाली. मीटरचा आकडा सेकंदात एक-दोनदाच बदलतो, म्हणजे खरी घसरण दिसली त्याहून खोल असणार. तोच मीटर मागच्या पोर्टला: रिकामं ५.०७, डिस्क सुरू होताना ४.९१. 'कट् कट्' आवाज डिस्कच्या पोटातला बिघाड नव्हता. वीज अपुरी पडून तबकडी अर्ध्यात थांबत होती आणि डेटा वाचणारं डोकं जागेवर परतत होतं.

एक सावधगिरी इथेच. पुरेशी वीज मिळूनही, म्हणजे मागच्या पोर्टला ४.९ व्होल्ट असूनही, असाच आवाज येत राहिला तर डिस्क खरंच आजारी आहे. ती पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात डेटा परत मिळण्याची शक्यता घटते.

टोकन का जात होतं

टोकन जेमतेम काही मिलिअँपिअर खातं. त्याला विजेची टंचाई भासायचं कारण नाही, असं सकृद्दर्शनी वाटतं. म्हणून वेळा नोंदवायचं ठरलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ड्रायव्हरफ्रेमवर्क्स-यूजरमोड, आणि त्यातलं ऑपरेशनल. हे लॉग मुळात बंद असतं. राइट-क्लिक करून 'इनेबल लॉग' म्हणावं लागतं. टोकन जोडलं गेलं की त्यात २००३ क्रमांकाची नोंद पडते, सुटलं की २१०० च्या घरातली. दुसऱ्या बाजूला टेबलावरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कारकुनाने डिस्कचा आवाज येईल ती वेळ लिहायची.

दुपारी तीन वेळा टोकन गेलं: १२.१०, १२.४२, १.१५. कॅलेंडरवरही त्याच तीन वेळा. डिस्क काही काम नसलं की झोपते. बॅकअपचा प्रोग्रॅम तिला हात लावायला आला की ती जागी होताना जोर लावते, व्होल्टेज कोसळतं आणि हबमधली चिपच रीसेट होते. हबवरचं सगळं एका क्षणासाठी सुटतं. याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा कीबोर्डवर होता: त्या प्रत्येक वेळी नम लॉकचा दिवा क्षणभर विझून पुन्हा लागत होता. कीबोर्ड आणि माउस आपोआप परत जोडले जातात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. टोकनही परत जोडलं जात होतं, पण सही करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हातातला धागा तुटलेला असायचा. ते 'टोकन सापडत नाही' म्हणत बसायचं. पंधरा दिवस टोकनला दोष दिला जात होता, आणि ओढाताण करणारी होती शेजारची डिस्क.

दुरुस्ती

संगणक शटडाउन केला, भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर काढली आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरलं. हे जादूटोण्यासारखं वाटतं, पण कारण साधं आहे. शटडाउन झाल्यावरही एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) मदरबोर्डला ५ व्होल्ट स्टँडबाय देत राहतो आणि बऱ्याच बोर्डांवर तेच यूएसबीला मिळतं; या कार्यालयात हबचा दिवा रात्रभर चालू असायचा. गोंधळलेली चिप त्यामुळे शटडाउननंतरही गोंधळलेलीच राहते. शिवाय विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन हे खरं शटडाउन नसतं, ड्रायव्हरांची जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते. वायर काढायची नसेल तेव्हा निदान 'रीस्टार्ट' द्यावं, किंवा शिफ्ट दाबून शटडाउन.

मग जागांची अदलाबदल. हार्ड डिस्क मागच्या ३.० पोर्टला, थेट, नव्या ३० सेंटिमीटरच्या केबलने. जुनी केबल डिस्कच्या बाजूच्या रुंद मायक्रो-बी तोंडाशी हलवली की संपर्क सुटत होता. या डिस्कांचं हे तोंड नाजूकच असतं. टोकन मागच्या २.० पोर्टला, १ मीटरच्या एक्स्टेंशन केबलने टेबलावर आणलं. कीबोर्ड मागे. माउसचा डोंगल ३.० च्या पोर्टपासून लांब ठेवला, कारण ३.० चा डेटा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आवाज करतो आणि शेजारी डिस्क चालू असताना माउस अडखळतो. इंटेलने यावर २०१२ मध्ये स्वतंत्र टिपण काढलं होतं.

डिस्क आता ओळखली जात होती, पण 'धिस पीसी' मध्ये दिसेना. ही यूएसबीची तक्रार नव्हे, हे वेगळं प्रकरण. डिस्क मॅनेजमेंटमध्ये विभाग 'हेल्दी' होता आणि त्याला एफ हे अक्षर होतं. शेजारच्या खोलीतल्या टॅलीच्या फोल्डरलाही नेटवर्क ड्राइव्ह म्हणून एफच दिलेलं. डिस्क बंद पडलेल्या दिवसांत ते जोडलं गेलं असणार. राइट-क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', आर दिलं, दिसली. बॅकअप प्रोग्रॅममधला मार्गही बदलावा लागला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये विभाग 'रॉ', म्हणजे आतली रचना ओळखता न आलेला, दिसला असता किंवा विंडोजने 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं असतं, तर 'कॅन्सल' म्हणून आधी डेटा वाचवायचं बघावं लागलं असतं.

पुढचा क्रम मुद्दाम असा ठेवला: आधी महत्त्वाची फोल्डरं दुसऱ्या डिस्कवर उतरवली, मगच चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय. इतक्या वेळा मध्येच वीज गेलेल्या डिस्कवर आधी चेकडिस्क चालवणं म्हणजे दुखऱ्या पायावर धावणं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ आणि सी५, म्हणजे बदललेले आणि संशयित सेक्टर, दोन्ही शून्य. सी० मात्र हजाराच्या वर: इतक्या वेळा डोकं वीज गेल्यामुळे घाईने मागे परतलं होतं. डिस्क वाचली, पण तिच्या भरवशावर एकमेव बॅकअप ठेवू नये असं लिहून दिलं.

तरीही टोकन एकदा गेलं

संध्याकाळी ६ च्या सुमाराला टोकन पुन्हा गेलं. यावेळी नम लॉक विझला नाही, डिस्कही शांत होती. हे जुन्या कारणाने नाही, हे तेवढ्यावरून कळलं. अर्धा तास कुणी काम करत नव्हतं. संशय वीज वाचवण्याच्या सोयीवर गेला: वापरात नसलेलं उपकरण विंडोज झोपवतं, आणि काही टोकनं हाक मारल्यावर उठत नाहीत. दोन जागी बदल करावा लागतो. पॉवर ऑप्शन्समधल्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करायचं. आणि डिव्हाइस मॅनेजरमधल्या प्रत्येक 'यूएसबी रूट हब' च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर 'अलाउ द कॉम्प्युटर टु टर्न ऑफ धिस डिव्हाइस' ची टिक काढायची. डेस्कटॉपला याने काही फरक पडत नाही. लॅपटॉपवर बॅटरी थोडी लवकर उतरेल.

काम सुरू असताना आणखी एक गोष्ट आढळली जी कुणी तक्रार म्हणून सांगितली नव्हती. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लागला की मुंग्या यायच्या. मल्टिमीटर एसीवर ठेवून कॅबिनेट आणि भिंतीवरच्या सॉकेटची अर्थिंगची पिन यांत मोजलं तर शंभराच्या आसपास व्होल्ट. एक्स्टेंशन बोर्डाची प्लग दोन पिनांची, त्यामुळे एसएमपीएसच्या फिल्टरमधली गळती जायला वाटच नव्हती. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण वेगळ्या सॉकेटवरचा प्रिंटर यूएसबीने जोडताना तो सगळा केबलच्या तोंडातून उतरतो, आणि पोर्ट एके दिवशी कारण न कळता मरतं. बोर्ड तीन पिनांचा केला. सॉकेटमधली अर्थिंग खरी आहे का ते न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात मोजून पाहिलं: २ व्होल्ट, ठीक.

१९ तारखेला चाचणी झाली. ४० जीबीचा डेटा डिस्कवर उतरवताना टोकनने सलग विवरणपत्रांवर सह्या केल्या. ड्रायव्हरफ्रेमवर्क्सच्या लॉगमध्ये दिवसभरात टोकन सुटल्याच्या दोन नोंदी, त्याही जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी हाताने काढल्याच्या. ड्रायव्हर अपडेटर काढून टाकला. कॅबिनेटचं पुढचं पोर्ट उघडून पाहिलं तेव्हा आतली प्लास्टिकची जीभ एका बाजूला दबलेली निघाली. ते बदलून येईपर्यंत त्यावर चिकटपट्टी लावली आहे. जुना हब फेकलेला नाही, कॅल्क्युलेटरसारखा दिसणारा नंबर पॅड आणि टेबलावरचा छोटा दिवा आता त्यावर चालतात.